साठीनंतरचं सॉफ्टबॉल: पिचरसमोर जाळी सक्तीची करावी का?

सह्याद्री_फ्रीमाँट
इकडे अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या लोकांचं स्लोपिच सॉफ्टबॉल चांगलं जोरात चालतं, आणि ते टाइमपास म्हणून नाही तर चक्क रेटिंग (टीमची ताकदीनुसार पायरी), सीडिंग, डबल एलिमिनेशन (दोनदा हरलं की बाहेर) सगळं लावून. दर पाच वर्षांचा एक गट, ५०, ५५, ६० असं करत थेट ८० च्या पुढपर्यंत. दरवर्षी लास वेगासला सीनियर सॉफ्टबॉल यूएसएची मोठी स्पर्धा असते, ऑक्टोबरात यूटातल्या सेंट जॉर्जला हंट्समन गेम्स (ते १९८७ पासून चालू आहेत), शिवाय गावोगावच्या लीग. मी बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोजवळ) ६० च्या गटात खेळतो, थर्ड बेस.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि होम असे चार बेस, बॅटर मारून सगळ्यांवरून पळत होमला परत आला की एक रन. बेसच्या आसपासचा भाग इनफिल्ड, त्याच्या मागचा आउटफिल्ड, आणि सेकंड-थर्डच्या मध्ये उभा असतो तो शॉर्टस्टॉप. पिचर ५० फुटांवरून खालून हाताने बॉल उंच उडवतो, बॉल निदान ६ फूट वर गेला पाहिजे आणि १२ फुटांच्या वर जाता कामा नये. म्हणजे बॅटरला बॉल येताना आरामात दिसतो आणि तो पूर्ण ताकदीने मारतो. बहुतेक वेळा लागतोच.

आता मुद्दा. मागच्या स्पर्धेत समोरच्या टीमचा पिचर, वय ६४, त्याच्या तोंडावर लाइन ड्राइव्ह (टप्पा न पडता सरळ जोरात येणारा फटका) आला. नशीब मास्क होता. मास्क पट्ट्यासकट निघून सेकंड बेसच्या बाजूला उडाला आणि गालावर मास्कच्या दांड्यांचे दोन वळ उमटले ते मी पाच पावलांवरून बघितले, कारण मीच धावत गेलो. तो उठून बसला, पाणी प्यायला आणि "आय अ‍ॅम फाइन" म्हणत परत उभा राहायला लागला, त्याच्या कॅप्टनने त्याला जबरदस्तीने बाहेर काढला. आमच्या लोकल लीगमध्ये पिचरसमोर स्क्रीन (लोखंडी फ्रेमची जाळी) लावायची की नाही हे पिचरच्या मर्जीवर आहे आणि जवळपास कुणीच लावत नाही. माझं म्हणणं आहे की ६० च्या पुढे ती सक्तीची करा, कुणाला विचारूच नका. काय वाटतं?

मूळ_जळगावचा
सरळ विरोध. मी स्वतः पिचर आहे, न्यू जर्सीत ५५+ मेजर (वरच्या रेटिंगच्या) टीममध्ये. पिचर म्हणजे पाचवा इनफिल्डर असतो राव, बॉल टाकला की त्याचं काम सुरू होतं. मधून येणारा ग्राउंडर (जमिनीवरून येणारा बॉल) अडवून शॉर्टस्टॉपकडे फेकायचा आणि तिथून फर्स्टला, हा डबल प्ले (एका बॉलवर दोन आऊट) आम्ही किती घोटलाय सांगू. जाळी आली की हे सगळं संपलं. बॉल टाकायचा आणि जाळीमागे लपायचं, मग पिचर ठेवताच कशाला, मशीन लावा ना. आणि बॅटरचंही नुकसान आहे, मधल्या रेषेतला चांगला फटका जाळीला लागला की डेड बॉल (खेळ तिथेच थांबतो), त्याचा काय गुन्हा? मास्क घाला, छातीला गार्ड घाला, शिन गार्ड घाला, पिचिंगचा बॉक्स मागे ६ फुटांपर्यंत असतो तिथून टाका. उपाय आहेत, वापरायचे नाहीत आणि मग नियम बदला म्हणायचं.

सह्याद्री_फ्रीमाँट
जळगावकर, सहा फूट मागे सरकून किती वेळ मिळतो तो हिशोब करू. बॅटवरून बॉल ताशी १०० मैलांनी निघाला तर सेकंदाला साधारण १४७ फूट जातो. हवेचा अडथळा सोडून देऊ. ५० फुटांवर तो ०.३४ सेकंदात पोचतो, ५६ फुटांवर ०.३८. म्हणजे ०.०४ सेकंद वाढले. नुसतं डोळ्याने बघून हात हलायला सुरुवात व्हायलाच तरण्या माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, साठीत त्याहून जास्त. उरलेल्या वेळात ग्लोव्ह मांडीपासून तोंडापर्यंत आणायचा. तुमचे हात चांगले असतील पण हे हातांवर सोडण्यासारखं आहे का?

तात्या_टॅम्पा
जाळी जाळी काय करताय, रोग बॅटमध्ये आहे. इथली यूएसए सॉफ्टबॉल ही मुख्य संस्था, तिने २००४ पासून बॅटला ताशी ९८ मैलांची मर्यादा घातली, म्हणजे लॅबमध्ये ठरावीक पद्धतीने मारून बघतात आणि बॉल त्याहून जोरात निघाला तर ती बॅट बाद. हे नियम तरण्या पोरांना! आणि आम्हा म्हाताऱ्यांच्या स्पर्धेत १.२१ शिक्क्याच्या (बॅट बॉलला किती उसळवते त्याचा आकडा) बॅट चालतात, त्या त्याच्यापेक्षा गरम, म्हणजे बॉल जास्त जोरात उडवणाऱ्या. कंपोझिट (फायबरची) बॅट वापरून वापरून आणखी सैल होते आणि जास्त उडवते, वर काही लोक रोलिंग करून घेतात (रोलरमध्ये दाबून सैल करतात), आतून शेव्ह करून (तासून) घेतात, ते तर सरळ बेकायदा आहे पण मैदानावर उभ्या उभ्या कोण ओळखणार. पंचविशीतल्या पोराला थंड बॅट आणि पासष्टीतल्या माणसासमोर गरम बॅट, हे कुठलं शास्त्र? बॅट बदला, जाळीचा प्रश्नच उरणार नाही.

अनुराधा_डॅलस
तात्या, थांबा थांबा. त्या बॅट का दिल्या ते पण सांगा ना. वयाबरोबर बॅट फिरवायचा वेग कमी होतो, खांदे भरून येतात, तेव्हा बॉल इनफिल्डच्या बाहेर पडावा म्हणून त्या आल्या. मी बायकांच्या ५०+ मध्ये खेळते, आमचा बॉल ११ इंच घेराचा, पुरुषांचा १२. आमच्यात हीच बॅट घेऊन सुद्धा आउटफिल्डच्या डोक्यावरून मारणाऱ्या टीममध्ये दोघी-तिघीच. मला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पळता येत नाही फारसं, बॉल लांब गेला तरच मी फर्स्टला पोचते आणि मग माझ्या जागी कर्टसी रनर (बदली धावणारी) येते. ती बॅट काढून घेतलीत तर माझ्यासारख्या निम्म्या जणी घरी बसतील. तुमच्या सहा फुटी पुरुषांचा प्रॉब्लेम आहे तो, सगळ्यांच्या माथी मारू नका.

मूळ_जळगावचा
अनुराधाताई +१. आणि तात्या, मी लॅबचे आकडे नाकारत नाही पण लॅबमध्ये ९८ म्हणजे मैदानात पण ९८ च असं नसतं, तगडा माणूस थंड बॅटने पण शंभरी गाठतो. मला खरं दुखणं वेगळंच वाटतं, आपण या खेळातली स्पर्धाच हळूहळू काढून घेतोय. होमला टॅग (बॉल अंगाला लावून रनरला आऊट करणं) नाही, रनरसाठी दुसरी प्लेट. फर्स्टला डबल बेस (रनरला एक, फील्डरला एक), ठीक आहे, धडका वाचतात. पण एका इनिंगला पाचच रन, फक्त शेवटची इनिंग ओपन, म्हणजे रनला मर्यादा नाही. त्याच्यावर कडी म्हणजे वरच्या रेटिंगची टीम खालच्या टीमशी खेळणार असेल तर खालच्यांना पाच रन आयते, मॅच सुरू व्हायच्या आधी! आम्ही वर्षभर मेहनत करून मेजरला चढलो तर त्याची शिक्षा? आणि आता पिचरला पण पिंजऱ्यात घाला.

निंबाळकर_ह्यूस्टन
ते पाच रन "आयते" नाहीत हो. आमची डबल-ए टीम आहे, रेटिंगमधली सगळ्यात खालची पायरी. आमच्या वयोगटात पुरेशा टीम आल्या नाहीत की आयोजक ट्रिपल-ए (आमच्या वरची पायरी) आणि आम्हाला एकाच गटात टाकतात, आम्ही तीच एंट्री फी भरलेली असते, तेवढंच विमानाचं भाडं, तेवढंच हॉटेल. पाच रन नसतील तर तिसऱ्या इनिंगलाच मॅच खलास. मागे एकदा आम्ही दोन रननी जिंकलो, समोरचे चिडले की खरी मॅच आम्ही तीन रननी जिंकली. अरे पण नियम तुम्हाला आधी माहीत होता ना, मग पहिल्या इनिंगपासून तसं खेळा. मला राग येतो तो त्या टीमचा ज्या मुद्दाम खालच्या रेटिंगला बसतात. वर्षभर हरत-जिंकत राहायचं आणि मोठ्या स्पर्धेच्या वेळी दोन भारी बॅटर आणायचे. त्याच्यावर बोला.

तात्या_टॅम्पा
निंबाळकर बरोबर बोलताहेत पण विषय भरकटतोय. जळगावकर, स्पर्धा काढून घेतोय म्हणता, जरा आमच्या इकडे येऊन बघा. सेंट पीटर्सबर्गला किड्स अँड कब्ज नावाचा क्लब आहे, १९३० मध्ये सुरू झाला, साधारण पंचाहत्तरीच्या आसपासचे आणि पुढचेच लोक घेतात. पांढरेशुभ्र कपडे घालून खेळतात. मी बघायला जातो. सेफ की आऊट यावरून ८० च्या पुढचे दोघं छाती पुढे काढून वाद घालतात हो! सोयीच्या नियमांनी स्पर्धा मरत नाही. उलट होमला टॅग काढला म्हणून तर कॅचरची हाडं शाबूत राहिली आणि तो पुढच्या वर्षी परत आला.

व्यायामशाळा_अमरावती
मी इकडे शाळेत पीटी शिक्षक आहे, पोरापोरींना सॉफ्टबॉल शिकवतो. आपल्याकडे फास्टपिच (बॉल जोरात टाकायचा प्रकार) चालतं. मुलींच्या खेळात पिचर ४३ फुटांवर उभी असते, म्हणजे तुमच्यापेक्षा जवळ, आणि तिला कसली जाळी न बिळी. मुलांना ४६ फूट. मग तुम्हालाच एवढी भीती का? टोचायला म्हणून नाही विचारत, खरंच समजून घ्यायचंय.

सह्याद्री_फ्रीमाँट
सर, चांगला प्रश्न. फास्टपिचमध्ये पिचरच्या हातात हुकूम असतो. विंडमिलने (हात पूर्ण गोल फिरवून टाकलेला) बॉल येतो, बॅटरला जेमतेम लागतो, चांगल्या पिचरसमोर अर्धे बॅटर नुसते टाइमिंग शोधत असतात. आमच्यात उलटं. बॉल वरून लोंबकळत येतो, बॅटर पाय रोवून, वाट बघून, ठरवून मारतो. आणि काही जण ठरवून मधूनच मारतात, कारण पिचर सगळ्यात हळू हलणारा माणूस असतो, गुडघे गेलेल्याला तिथेच उभा करतात ना. शिवाय तुमची मुलगी पंधरा वर्षांची, आमचा पिचर पासष्टचा आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेला. आमच्या टीममध्येच तिघं त्या गोळ्या घेतात. डोक्याला मार लागला तर त्यांच्या बाबतीत साधा मार उरत नाही तो.

व्यायामशाळा_अमरावती
गोळ्यांचं डोक्यात नव्हतं आलं. मग तर मास्क पण कमी पडेल. आमच्या मुलींना मी पुढच्या सत्रापासून पिचिंगला मास्क देतोच, तसं पण मनात होतं.

मूळ_जळगावचा
गोळ्यांचा मुद्दा मानतो. पण मग सक्ती का? ज्याला गरज आहे त्याने लावावी.

सह्याद्री_फ्रीमाँट
कारण मर्जीवर सोडलं की कुणी लावत नाही. मैदानात जाळी कुंपणाला टेकवून ठेवलेली असते, दोघांनी उचलून आणायची, समोरची टीम बघत असते, आपलीच पोरं "अरे लागते का तुला" म्हणतात. चाळीस वर्षं पिचिंग केलेला माणूस त्या क्षणी हो म्हणत नाही. मॅचच्या आधी अंपायरनेच ती लावून ठेवली तर हा प्रसंगच येत नाही. फर्स्टच्या डबल बेसला आज कुणी घाबरट म्हणतं का? तो मैदानावर असतोच.

आणि तुमचा डबल प्ले, त्याला तोड आहे. जाळी मध्ये न ठेवता थोडी एका बाजूला ठेवली तर पिचर टाकून मागे सरकतो आणि दुसऱ्या बाजूने येणारा बॉल उचलू शकतो. जाळीला लागलेला बॉल आऊट न देता नुसता डेड धरा, बॅटरला परत मारू द्या, म्हणजे त्याचंही नुकसान नाही.

निंबाळकर_ह्यूस्टन
आमच्या इथे एका लीगने हे करून बघितलं. सुरुवातीला बॉल जाळीच्या फ्रेमला लागून कुठेही उडायचा म्हणून पाइपवर फोम गुंडाळला. सगळ्यांना सवय झाली. पण एक सांगतो, जाळी आल्यावर लोक मधून जास्त बिनधास्त मारायला लागले आणि आता सेकंड बेस आणि शॉर्टस्टॉपवाले कुरकुरतात, जाळीमुळे बॉल बॅटवरून निघताना त्यांना दिसत नाही म्हणून. तेही साठीचेच आहेत.

तात्या_टॅम्पा
हेच तर सांगतोय कधीपासून! जाळी एकाला वाचवते. सह्याद्री, तुम्ही स्वतः थर्ड बेसला उभे असता, तुमच्यासमोर कुठली जाळी आहे? बॅट थंड केली तर सगळे वाचतात.

मूळ_जळगावचा
बरं, माझ्याकडून शेवटचं. ६५ च्या पुढे सक्तीची जाळी, माझा विरोध नाही. ५० आणि ५५ मध्ये जाळी नको पण तिथे तात्यांचं ऐका आणि १.२१ बंद करा, तिथली माणसं अजून दांडगी आहेत, मी रोज त्यांच्यासमोर उभा असतो. ६० वाल्यांनी आपापसात मत द्यावं. हे मी आमच्या मॅनेजरला पण लिहून पाठवणार आहे.

अनुराधा_डॅलस
५० मध्ये १.२१ बंद म्हणजे बायकांच्या ५० मध्ये पण? ते स्पष्ट लिहा पत्रात. आमच्यासाठी वेगळी ओळ नसेल तर आमच्या चौदा जणींच्या सह्यांचं उलट पत्र त्याच मॅनेजरकडे जाईल, ड्राफ्ट मी आजच करते.