मदत हवी आहे : पुतण्याच्या हृदयातला कोरोनरी फिस्टुला

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूर तालुक्यातले. भावाच्या सहा वर्षांच्या मुलाला कोरोनरी फिस्टुला निघालाय. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी उजवी धमनी जन्मापासूनच हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात उघडते, त्यामुळे स्नायूच्या वाट्याचं रक्त मधेच तिकडे वळतं. बारीक असेल तर नुसतं लक्ष ठेवतात; याचा मोठा आहे, बंद करावाच लागेल म्हणाले. पोर खेळतंय, पण पळालं की दम लागतो. बघवत नाही हो.

कुणाच्या मुलाचं मांडीतून कॅथेटर (बारीक नळी) घालून, कॉइल (तारेचं बारीक वेटोळं) बसवून झालंय का? की ऑपरेशनच करावं लागलं? बेळगावात होईल की बेंगळुरूला जयदेव हृदयरोग रुग्णालयात जावं? शिवाय महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, तिच्यातून कोल्हापुरात कुणाला प्रत्यक्ष उपचार मिळालेत का? आमचं रेशनकार्ड कर्नाटकाचं आहे. कागदपत्रं कोणती लागली, तेवढं जरूर कळवा.