मार्चअखेरीला कोहाईंसाठी कोणतं गाणं म्हणावं? 'हार मानू नकोस' मला नको वाटतं

निशिकासाईकर

१ एप्रिलपासून माझी नागोयाला बदली झाली आहे. आपल्यासारखंच इथे जपानमध्येही बऱ्याच कंपन्यांचं वर्ष मार्चला संपतं, त्यामुळे या दिवसांत निरोपांची रांगच लागते. आमच्या गटाचा सोबेत्सुकाई, म्हणजे निरोपाचं जेवण, शेवटच्या शुक्रवारी आहे आणि तिथून पुढे सगळे कराओकेला जाणार. माझ्या हाताखालच्या चार कोहाईंनी, म्हणजे धाकट्या सहकाऱ्यांनी, तीन वर्षं माझं मोडकं जपानी सांभाळून घेतलं. ग्राहकाला जाणारी माझी पत्रं मला न दुखावता दुरुस्त केली. त्यांचे आभार मला गाण्यातून मानायचे आहेत.

ज्याला विचारावं तो एकच नाव सांगतो: झार्ड या बँडचं 'माकेनाइदे'. १९९३ सालचं, साकाई इझुमीने लिहिलेलं आणि गायलेलं, हार मानू नकोस असं सांगणारं. चाल सगळ्यांना पाठ असते, हे खरं आहे.

पण मी ते म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी वर्षअखेरीच्या मेजवानीत मी तेच म्हटलं होतं, या चौघांतल्या सर्वांत धाकट्याकडे बघून. तो तेव्हा रोज रात्री शेवटच्या गाडीने घरी जायचा. दोन आठवड्यांनी तो आजारपणाच्या लांब रजेवर गेला. परत आल्यावर एकदा कॉफी पिताना मला म्हणाला, "सेम्पाई (म्हणजे वरिष्ठ सहकारी), त्या दिवशी मला वाटलं, म्हणजे अजून धावायचंच आहे." हे तो रागाने बोलला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं.

म्हणून माझी निवड रेमिओरोमेन या बँडचं 'सान्गात्सु कोकोनोका', म्हणजे '९ मार्च'. २००४ चं गाणं. मुळात एका मित्राच्या लग्नासाठी केलेलं, पण २००५ साली एका टीव्ही मालिकेत विद्यार्थ्यांच्या तोंडी आलं आणि तेव्हापासून शाळांच्या निरोपाचं झालं. त्यात कुणाला काही करायला सांगितलेलं नाही. तू मनात असल्यामुळे मला बळ आलं, तुझ्यासाठी मीही तसा व्हावा, एवढाच त्याचा भाव. आभार मानायचे असतील तर ते मानून थांबावं, त्याला उपदेश जोडू नये, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

ब्रासबँडची आई

मला हे पटलं नाही, आणि स्पष्टच लिहिते.

आमची लेक इथल्या माध्यमिक शाळेत तिसरीला आहे, म्हणजे आपली नववी. पहिल्या वर्षी ती बँडमध्ये ट्यूबा वाजवायला लागली. इथल्या बँड स्पर्धांत प्रत्येक शाळेला सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य मिळतंच, त्यामुळे कांस्य म्हणजे सगळ्यांत खालची श्रेणी. त्या वर्षी त्यांना कांस्य मिळालं. आपल्या एका चुकलेल्या सुरामुळे ते झालं असं तिने धरलं आणि आठवडाभर वाद्याला हात लावला नाही. मार्चमध्ये तिसरीच्या मुलांचा निरोप होता. आपल्याकडे नववीचे दहावीला निरोप देतात तसंच असतं, फक्त इथे जाणारी मुलंही मागच्यांना उत्तर देतात. पदवीदानाच्या दिवशी तर धाकट्यांच्या भाषणाला सोजी आणि जाणाऱ्यांच्या उत्तराला तोजी अशी वेगळी नावंच आहेत. त्या निरोपाला मोठ्या मुलींनी धाकट्यांकडे तोंड करून 'माकेनाइदे' म्हटलं. माझी लेक परीक्षेला निघताना अजून ते गुणगुणते.

गाणं तेच. फरक एवढाच की त्या मुली तिच्याबरोबर हरल्या होत्या. तुमचा कोहाई शेवटच्या गाडीने घरी जात होता आणि त्याच्या अंगावरचं काम कमी करणं तुमच्या हातात होतं. ते तुम्ही केलं नाही आणि गाणं म्हटलंत. यात दोष गाण्याचा नाही.

पुण्यात जपानी शिकवते

ताई, थोडं कडक झालं, पण मुद्दा बरोबर आहे. भाषेच्या बाजूने एक सांगते. 'माकेरु ना' म्हटलं असतं तर तो हुकूम झाला असता. 'माकेनाइदे' ही विनवणी आहे: नको ना हरूस. तसंच 'गाम्बारे' म्हणजे तू जोर लाव आणि 'गाम्बारो' म्हणजे आपण मिळून जोर लावू. १९९५ च्या भूकंपानंतर कोबेच्या ओरिक्स या बेसबॉल संघाने खेळाडूंच्या बाहीवर 'गाम्बारो कोबे' लिहिलं. त्याच वर्षी तो लीग जिंकला आणि पुढच्या वर्षी जपान सिरीज. तिथे 'गाम्बारे' लिहिलं असतं तर दुरून कुणीतरी सांगतंय असं वाटलं असतं. क्रियापदाचं शेवटचं अक्षर बदललं की बोलणारा कुठे उभा आहे ते कळतं. विद्यार्थ्यांना हे मी पहिल्या महिन्यातच सांगते.

म्हणून 'माकेनाइदे'ला उपदेश म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

निशिकासाईकर

ब्रासबँडची आई, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. काम कमी करणं माझ्या हातात होतं, निदान वरती बोलणं तरी नक्कीच होतं, आणि मी बोललो नाही. हे मी त्याला सांगितलेलं नाही.

पण त्यामुळे माझं म्हणणं पक्कंच होतं. मूल्यमापनाचा कागद ज्याच्या हातात असतो त्याने विनवणी केली तरी ऐकणाऱ्याला ती हुकूमच वाटते, क्रियापद कोणतंही असो. तुमच्या लेकीच्या सेम्पाईंना जो हक्क होता तो मला नव्हता.

ओसाकाकर

मग गाऊच नका. कराओकेच्या खोलीत साहेब गायला लागला की चारही जणांना खुळखुळे हलवत हसावं लागतं. मीही अकरा वर्षं हलवले आहेत, आणि निरोपाचं एकही गाणं मला आठवत नाही. शिकिशी मात्र जपून ठेवला आहे, तो चौकोनी पुठ्ठा, ज्यावर सगळे जण गोलाकार मजकूर लिहून जाणाऱ्याला देतात. तुम्ही उलटं करा. जाणारे तुम्ही आहात, तर चौघांना चार वेगळी पत्रं लिहा, हाताने. आणि त्या धाकट्याच्या पत्रात आता इथे जे कबूल केलंत तेच लिहा.

साइतामावासी

पत्राची कल्पना उत्तम आहे, पण गाऊ नका हे मला मान्य नाही. मी राहतो त्या प्रांतात चिचिबुला कागेमोरी नावाची माध्यमिक शाळा आहे. १९९१ साली तिथल्या संगीत शिक्षिकेने जाणाऱ्या मुलांसाठी गाणं करायचं ठरवलं आणि मुख्याध्यापक कोजिमा नोबोरु यांच्याकडे शब्द मागितले. दुसऱ्या दिवशी शब्द तिच्या टेबलावर होते. निरोपाच्या कार्यक्रमात शिक्षकांनीच ते मुलांसमोर म्हटलं, आधी काही न सांगता. मुख्याध्यापक त्याच वर्षी निवृत्त झाले. तेच 'ताबिदाची नो ही नी', म्हणजे 'प्रस्थानाच्या दिवशी', आज जपानभरच्या शाळांत पदवीदानाला गातात ते. त्यात भविष्यावर विश्वास ठेवून झेप घेऊ या असं चक्क सांगितलेलं आहे, तेही मुख्याध्यापकाने, म्हणजे निशिकासाईकरांच्या हिशेबाने सगळ्यांत मोठ्या साहेबाने. तरी मुलांना ते ओझं वाटलं नाही. ही शाळा गाण्याने सावरायची असा त्यांचा ध्यास होता आणि मुलं त्यांच्या काळात गातच मोठी झाली होती.

साहेब असणं आड येत नाही. आधीची वर्षं कशी गेली ते आड येतं.

ओसाकाकर

शाळेतून मुलं निघून जातात, मुख्याध्यापकही निवृत्त झाले. कंपनीत हेच लोक पुढच्या वर्षी पुन्हा भेटणार. मी माझ्या मतावर आहे.

निशिकासाईकर

काल रात्री पत्रांना बसलो. तीन झाली. चौथ्याची पहिली ओळच चार वेळा खोडली. 'खूप श्रम घेतलेत' असं सांगणारा 'गोकुरोसामा' हा वरच्याने खालच्याला म्हणायचा शब्द आहे, म्हणून तो टाळून सगळ्यांना त्याच अर्थाचं, कुणालाही चालणारं 'ओत्सुकारेसामा' लिहिलं, पण चौथ्याला तेही पुरत नाही. शेवटी माफीनेच सुरुवात केली.

गाणं '९ मार्च'च ठेवतोय. पण निजिकाईला, म्हणजे जेवणानंतरच्या कराओकेला, ते गाणार नाही. तिथे जायचं की नाही हे कोहाईंच्या हातात नसतं, हे ओसाकाकरांचं मान्य आहे. शुक्रवारी दुपारी सामान आवरताना, चहाच्या वेळी, ज्याला थांबायचं असेल त्याच्यासाठी, वाद्याशिवाय.

ब्रासबँडची आई

पट्टी दोन सुरांनी खाली घ्या. मूळ गायक बराच वर जातो आणि वाद्य नसलं की आपण नकळत आणखी वर सरकतो. लेक म्हणते, शेवटचं कडवं पुटपुटल्यासारखं झालं तरी चालेल, पण शब्द ऐकू यायला हवेत. आणि चौथं पत्र गाण्याच्या आधी द्या.