घरात स्किझोफ्रेनिया आहे म्हणून स्थळ नाकारायचं?

रानजाई
माझ्या भाचीचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगा ३२ वर्षांचा, चांगला, दोघांचं जमलेलं. मुलाच्या आईने स्वतःहून सांगितलं की धाकट्या दिरांना स्किझोफ्रेनिया आहे, उपचार चालू आहेत. आमच्याकडून लगेच नकार गेला. कारण एवढंच, 'रक्तात आहे'.

मला हे साफ चुकीचं वाटतं. हा आजार शंभरात साधारण एकाला होतो. सख्ख्या काकांना असेल तर पुतण्याचा धोका शंभरात तीन-चारपर्यंत जातो. शिवाय पुरुषांमध्ये तो बहुतेकदा विशी-पंचविशीतच डोकं वर काढतो. हा मुलगा तो टप्पा ओलांडून आलाय, म्हणजे उरलेला धोका आणखी कमी. जिने खरं सांगितलं तिलाच शिक्षा झाली, याचा मला संताप आहे.

सावळाराम_७
संताप समजतो, पण नकार देणाऱ्यांना अडाणी ठरवू नका. मी शाळेत असल्यापासून आईचा हा आजार पाहिलाय. शेजारी आपल्यावर नजर ठेवतात म्हणून ती स्वयंपाकघराच्या खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवायची. रात्री आमच्यापैकी कुणीतरी जागं राहायचं. आई किंवा वडील आजारी असतील तर मुलांचा धोका शंभरात दहाच्या घरात जातो. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास निघतो. हे माहीत असताना एखादा बाप मुलीसाठी कचरला तर त्यात पाप काय?

रानजाई
पाप नाही. पण ८० टक्के वाटा म्हणजे ८० टक्के मुलांना आजार होणार असं नव्हे. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखीच असतात, तरी एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच राहते. आणि हा आजार झालेल्या बहुतेकांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना तो नसतोच. ती स्थळं तुम्ही कशावरून ओळखणार?

गोदाकाठ
मी नाशिकला व्यसनमुक्तीचं काम करते. लग्नाआधी लोक काका-मामांची चौकशी करतात, पण मुलगा गांजा ओढतो का हे विचारत नाहीत. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांवर तरुणांचा १५ वर्षं मागोवा घेतला होता. १९८७ साली निष्कर्ष आले. पन्नासहून जास्त वेळा गांजा-चरस ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट होतं. २०१९ च्या, मुख्यतः युरोपातल्या अभ्यासात रोज जहाल गांजा ओढणाऱ्यांना सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा धोका जवळजवळ पाचपट आढळला. सुरुवात जितकी कोवळ्या वयात, तितकं वाईट. 'नैसर्गिक आहे, महादेवाचा प्रसाद आहे' हे ऐकून माझे कान किटलेत.

चौकटीबाहेर
गांजाचं समर्थन करत नाही, पण गोष्ट उलटीही असते. आजार उघड व्हायच्या आधीच्या काळात मुलगा एकटा पडतो, झोप उडते, कशाची तरी धास्ती वाटत राहते आणि त्यावर उतारा म्हणून तो ओढायला लागतो. मग सगळा दोष त्याच्याच माथी मारला जातो. त्याच स्वीडिश अभ्यासात आधीचे मानसिक त्रास, घरची परिस्थिती वगैरे हिशेबात घेतल्यावर सहापटीचे दोन-अडीचपट झाले होते. ते का नाही सांगितलं?

गोदाकाठ
अडीचपट म्हणजे थोडं झालं का? काकांकडून आलेला धोका कुणाला पुसता येत नाही, हा टाळता येतो. ज्या घरात आधीच आजार आहे तिथल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला हे स्पष्ट सांगायलाच हवं. ओढणारे बहुतेक जण आजारी पडत नाहीत हे मलाही माहीत आहे. पण कोण पडणार हे आधी ओळखता येत नाही, म्हणूनच जीव तुटतो.

माहेरवाशीण
माझ्या बहिणीचं निदान लपवून लग्न लावलं. सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद केल्या. काही महिन्यांत पुन्हा आवाज ऐकू यायला लागले आणि तिला माहेरी आणून सोडलं. स्थळं अशी झटपट नाकारली जातात म्हणूनच लोक लपवतात. सावळाराम, तुम्ही ज्या बापाची बाजू घेताय, त्याच्या धास्तीनेच माझ्या बहिणीच्या गोळ्या सुटल्या.

सावळाराम_७
बहिणीचं वाचून फार वाईट वाटलं. लपवाछपवी मला कधीच मान्य नव्हती. माझ्या लग्नाच्या वेळी आईबद्दल मी प्रत्येक ठिकाणी पहिल्याच भेटीत सांगत होतो. नकार आले. त्या लोकांना मी आजही दोष देत नाही. नकार द्यायचा हक्क त्यांचा होता.

रानजाई
हक्क त्या मुलींचा होता. इथे भाचीला कुणी विचारलंसुद्धा नाही, नकार मोठ्यांनी परस्पर कळवला. माझा मुद्दा तोच आहे. हे सगळं तिला वाचायला देणार आहे, तुमचे प्रतिसादही.

गोदाकाठ
द्या. आणि मुलाला भेटली तर गांजाचं मात्र स्पष्ट विचारायला सांगा.