सेन्सर मेलेत असं आधीच समजू नका
कस्टम रॉम (कंपनीऐवजी दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉइड) टाकल्यापासून टॅबची स्क्रीन फिरत नाही, ब्राइटनेसही आपोआप बदलत नाही म्हणताय ना? दोन्ही एकदम गेलेत, म्हणजे हार्डवेअरवर संशय कमीच घ्या. मला बेळगावात खडेबाजारातल्या एकानं थेट बोर्ड बदलायला सांगितलं होतं! निपाणीला परत येऊन घरीच ठीक केलं की.

एडीबीवरून (संगणकावरून टॅबला आज्ञा देण्याचं साधन) ‘डम्पसिस सेन्सरसर्व्हिस’ (adb shell dumpsys sensorservice) ही आज्ञा चालवा, सेन्सरची यादी दिसेल. यादीत अ‍ॅक्सेलरोमीटरच (टॅब कसा धरलाय ते ओळखणारा सेन्सर) नसेल, तर बहुतेक व्हेंडरच्या (हार्डवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या) फाइल रॉमशी जुळत नाहीत किंवा पर्सिस्ट पार्टिशन (टॅबच्या स्टोरेजचा एक वेगळा भाग) बिघडलंय. स्नॅपड्रॅगन चिपवाल्या टॅबमध्ये सेन्सरचं कॅलिब्रेशन (सेन्सर अचूक चालावा म्हणून केलेली जुळणी) तिथंच असतं. कंपनीचं मूळ फर्मवेअर (टॅबसोबत आलेलं सॉफ्टवेअर) टाकून सेन्सर चालतात का बघा, मगच त्याला जुळणारा रॉम घाला. दुसऱ्याच्या टॅबची पर्सिस्ट इमेज मात्र उचलू नका, त्यातलं कॅलिब्रेशन त्याच्याच टॅबचं असतं. आणि हो, स्वतःच्या पर्सिस्टचा बॅकअप आजच घ्या.