दारात झुडपं की बकुळ?

फोंडेकर: फोंड्याला ३०० चौरस मीटरच्या प्लॉटवर घर झालं. पुढे साडेतीन मीटरची पट्टी, मागे विहीर आणि सेप्टिक टाकी. माझं मत ठाम आहे, एवढ्याशा जागेत झाड नकोच. जास्वंद, अनंत, तगर, इक्झोरा, कुंपणाला बोगनवेल. रोज देवाला फुलं मिळतात, छाटणी आपल्या हातात. आईचा हट्ट मात्र बकुळीचा. तिला पटवायला मुद्दे द्या, नाहीतर मला पटवा.

सत्तरीवाला: मे महिन्यात दुपारी तीनला तगरीखाली बसून दाखवा, मग बोलू. एप्रिल-मेमध्ये नळ कोरडा पडला की झुडपांना आणि कुंड्यांना पाणी कोण घालणार? झाडाला पहिले दोन-तीन उन्हाळे सांभाळलं की पुढे ते आपलं आपण बघतं. बहावा आणि तामण तर ऐन उन्हाळ्यात फुलतात.

नळ्यांचं घर: आणि जूनमध्ये पडतात! शेजारच्या गुलमोहराची फांदी आमच्या छपरावर आली, नळे (कौलं) फुटले. पन्हळीत पाला तुंबतो तो वेगळाच. शिवाय गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, वाढलेलं झाड आपल्याच आवारातलं असलं तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते. झुडूप चुकलं तर उपटा. झाड चुकलं तर अर्ज करा.

सत्तरीवाला: गुलमोहर मूळचा मादागास्करचा. लाकूड ठिसूळ, मुळं वरवर. त्याच्या पापाचं खापर बकुळीवर का फोडता? बकुळीचं लाकूड चिवट आणि वाढ सावकाश.

नळ्यांचं घर: सावकाश वाढते म्हणून लहान राहते असं नाही, बाब. देवळांपुढच्या जुन्या बकुळी बघितल्यात ना? तो पसारा साडेतीन मीटरात कसा मावणार?

माटोळी: दोघेही जास्वंदीला फारच सोपी समजताय. पावसाळा सरला की कोवळ्या शेंड्यांवर, कळीच्या देठाशी कापसासारखं पांढरं दिसू लागतं आणि फांदीवर मुंग्यांची ये-जा सुरू होते. तो पिठ्या ढेकूण. दिसला की तेवढा शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, कंपोस्टमध्ये टाकू नका. जास्वंदीला नव्या फुटीवरच कळ्या येतात, त्यामुळे कापायला जीव खालीवर करू नका. आमच्या जांभ्याच्या आंबट मातीत इक्झोरा मात्र लाड न करता फुलतो. आणि घरात पोरं असतील तर कुंपणाला कण्हेर नको, लालही नको, पिवळीही नको. दोन्ही विषारी.
झाडच हवं असेल तर कलमी सोनचाफा घ्या. बियांच्या रोपासारखी वर्षानुवर्षं वाट बघायला नको आणि छाटून माणसाच्या उंचीवर ठेवता येतो.

फोंडेकर: म्हणजे झुडूपच झालं की! मीच जिंकलो.

सत्तरीवाला: जिंकलात, पण उन्हातच बसा. घराचं तोंड कुठे?

फोंडेकर: पश्चिमेला.

सत्तरीवाला: घ्या! दुपारभर भिंत तापणार, रात्री पंखा गरम वारा फेकणार. फाटकाच्या कोपऱ्यात, घरापासून होईल तितकी लांब बकुळ लावा. लहानपणापासून खालच्या फांद्या काढत गेलात तर खालून वाटही मोकळी राहील.

फोंडेकर: त्या कोपऱ्यावरूनच विजेची तार जाते.

नळ्यांचं घर: 😂

सत्तरीवाला: दुसरा कोपरा?

फोंडेकर: तिथे आई तुळशीवृंदावन बांधतेय. विचारून सांगतो.