तमिळ पदं देवनागरीत लिहिताना उच्चार कसे सांभाळायचे?

सुरसागरकाठ:
इथे वडोदऱ्यात मुलीच्या भरतनाट्यमच्या वर्गात पदांचं आणि वर्णमचं (नाचासाठी गायच्या रचनांचं) साहित्य, म्हणजे त्यांचे शब्द, इंग्रजी अक्षरांत छापलेलं मिळतं. आम्ही पालक ते मुलांसाठी देवनागरीत उतरवतो. गुरूबाईंना तमिळ येतं, त्यामुळे दर वेळी दुरुस्त्या निघतात: ‘तोझी’ नाही, ‘अळगू’ नाही, ‘थ’ तर कुठेच नाही. वहीत एकदाच नीट उतरावं यासाठी काही ठाम नियम आहेत का?

मोडीवाचक:
मूळ चूक इंग्रजीवरून उतरवण्यात आहे. तमिळमध्ये महाप्राण अक्षरंच नाहीत. त्या छपाईत ‘टीएच’ म्हणजे साधा त किंवा द, थ कधीच नाही. ‘झेडएच’ म्हणजे झ नव्हे, तर ऴ. ळ म्हणताना जीभ वळवतो तशीच वळवायची, पण टाळूला टेकवायची नाही. आवाज थोडा र कडे झुकतो. म्हणून तोऴि (सखी), अऴगु (सौंदर्य). हे नीट ऐकलं नाही तर अर्थ बदलतो: वलि म्हणजे वेदना, वळि म्हणजे वारा, वऴि म्हणजे वाट.

दुसरी चूक आपल्या शुद्धलेखनाची. मराठीत शेवटचा इ-उ दीर्घ लिहायची सवय, म्हणून हात आपोआप ‘तोऴी’, ‘अऴगू’ लिहितो. तमिळमध्ये इथे दोन्ही ऱ्हस्व आहेत. शेवटचा उ तर ओठ फारसे गोल न करता, अगदी थोडक्यात सोडतात. ताल धरून म्हणायचं असताना ही मात्रा वाढली की पुढचं सगळं सरकतं.

दांडियाबाजार:
ए आणि ओ राहिले. तमिळमध्ये दोन्ही ऱ्हस्वही असतात, दीर्घही. कॊडु म्हणजे दे, कोडु म्हणजे रेघ. ऎडु म्हणजे घे, एडु म्हणजे ताडपत्र, पान. ऱ्हस्वासाठी युनिकोडमध्ये ऎ, ऒ आणि त्यांच्या मात्रा आहेत. कळफलकावर नसतील तर वहीत त्या अक्षराखाली लाल टिंब द्या. ‘बॅट’मधला चंद्र मात्र वापरू नका, मुलं लगेच ‘अॅ’ म्हणतात.

आणि हलन्त कंजूषपणा न करता द्या. आपण ‘पल’ लिहिलं की ‘पल्’ वाचतो, तमिळ पल (पुष्कळ) मधला शेवटचा अ पूर्ण म्हणायचा असतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा: पाय मोडलेला नसेल तिथे अ म्हणायचाच. शेवटच्या म् लाही अनुस्वार नको. ‘मुगं’ लिहिलं की सूर नाकात जातो. मुगम् (चेहरा), ओठ मिटून.

सुरसागरकाठ:
हे फार कामाचं आहे. पण क आणि ग साठी त्यांचं एकच अक्षर आहे म्हणे. मग कुठे काय लिहायचं?

मोडीवाचक:
हो. व्यंजनं अठराच. 12 स्वर, 18 व्यंजनं, त्यांच्या 216 जोड्या आणि एक आय्तम् (स्वरही नाही, व्यंजनही नाही असं वेगळं अक्षर), अशी एकूण 247 अक्षरं होतात. आवाज जागेवरून ठरतो. शब्दाच्या आरंभी आणि द्वित्तात (तेच व्यंजन जोडून दोनदा आलं तर) कठोर: कण्णन्, पक्कम् (बाजू), पाट्टु (गाणं). अनुनासिकानंतर मृदू: तंगम् (सोनं), वंडि (गाडी), तंबि (धाकटा भाऊ). दोन स्वरांच्या मध्येही मृदू: पाडम् (धडा), मुगम्. च आरंभी बहुधा स होतो, म्हणून सॊल्लु (सांग). द्वित्तात मात्र ‘चार’मधला च: पच्चै (हिरवं).

तमिळमध्ये र दोन आहेत. त्यातल्या दुसऱ्या, म्हणजे ऱ चं द्वित्त ट्र सारखं म्हणतात, काट्रु (वारा). न् नंतर आला तर इन्ड्रु (आज).

संस्कृत शब्दांत हे नियम ढिले पडतात. ज, ष, स, ह साठी ‘ग्रंथ’ नावाच्या लिपीतून घेतलेली वेगळी अक्षरं आहेत, पण भक्ति बहुतेक वेळा ‘बक्ति’च ऐकू येते. तिथे गुरूबाई म्हणतील तेच लिहा.

दांडियाबाजार:
अर्थही ओळीखाली लिहा, अभिनयाला लागतो. मराठी मुलांना तो हिंदीपेक्षा मराठीतून लवकर समजेल, कारण वाक्याची ठेवण पुष्कळदा एकच असते. नाम् म्हणजे ऐकणाऱ्यासह आपण, नांगळ् म्हणजे आम्ही. हा फरक हिंदीच्या ‘हम’मध्ये बुजतो. ऎनक्कु वेण्डुम्, मला हवं. वरुवेन् ऎन्ड्रु सॊन्नान्, येईन म्हणून म्हणाला. इथला ऎन्ड्रु आपल्या ‘म्हणून’सारखाच ‘म्हणणे’ या धातूपासून आला आहे. ‘येईन म्हणून’वर मुलीचे डोळे वाटेकडे गेले पाहिजेत. नुसत्या उच्चारातून ते येणार नाही.

आपल्या गावात तर हे नीट व्हायलाच हवं. सयाजीरावांचं 1880 मध्ये तंजावरच्या राजघराण्यातल्या चिमणाबाईंशी लग्न झालं, आणि त्यांच्याबरोबर तिथले नर्तक-वादक बडोद्याला आले.

सुरसागरकाठ:
जुनी वही बाजूला ठेवते. आधी एकच पद या पद्धतीनं उतरवून गुरूबाईंकडून तपासून घेते. फोनवर ऴ कसं उमटवायचं?

मोडीवाचक:
ळ टंकून त्याच्यापुढे नुक्ता (अक्षराखालचं टिंब) दिला की ऴ होतं. नुक्ता सापडला नाही तर इथून उचलून चिकटवा: ऴ