मेंदूतल्या मूलपेशी किती असाव्यात, याचा हिशोब कोण ठेवतं?

फळा_खडू

नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. सोमवारी चेतासंस्था शिकवताना सांगितलं, की पूर्ण वाढलेल्या उंदराच्या मेंदूतही मूलपेशी (स्टेम सेल) असतात आणि त्यांच्यापासून नवे न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, तयार होतात. दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला, "सर, त्या स्वतःसारख्याच होत राहिल्या तर मेंदूत मावणार कशा? आणि सगळ्यांचे न्यूरॉन झाले तर पुढे उरणार काय?" उद्या सांगतो म्हणालो, त्याला चार दिवस झाले. पुस्तकं म्हणतात, मूलपेशी विभागली की एक मूलपेशीच राहते आणि दुसरी कामाला लागते. पण मग एखादी मेली तर तिची जागा कोण भरणार? कुणी या विषयात काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. तिला अर्धवट काही सांगायचं नाहीये.

काचपट्टी

सर, मुलीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय. माझी पीएचडीची वर्षं याच मोजणीत गेली. उंदराचा मेंदू गोठवायचा, ४० मायक्रॉनचे काप काढायचे, दर सहावा काप रंगवायचा आणि अंधाऱ्या खोलीत बसून पेशी मोजायच्या. म्हणून जरा लांबण लावते.

जागा अशी : मेंदूच्या आत पाण्यासारख्या द्रवानं भरलेल्या पोकळ्या असतात. बाजूच्या पोकळीच्या भिंतीला लागून या मूलपेशी असतात. एक टोक द्रवात बुडालेलं, दुसरं रक्तवाहिनीला टेकलेलं. बहुतेक झोपलेल्या. एखादी जागी झाली की तिच्यापासून भराभर विभागणाऱ्या पेशी होतात. मी त्यांना लेकी म्हणते. लेकींपासून कोवळे न्यूरॉन, आणि ते रांगा करून वास ओळखणाऱ्या भागाकडे सरकत जातात.

१९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फिओना डोएच आणि आर्तुरो आल्वारेझ-बुइया यांच्या गटानं उंदरांच्या मेंदूत सहा दिवस असं औषध सोडलं, जे विभागणाऱ्या पेशी मारतं. लेकी गेल्या, कोवळे न्यूरॉन गेले. झोपलेल्या मूलपेशी वाचल्या, कारण त्या विभागतच नव्हत्या. औषध थांबवल्यावर बारा तासांत त्या विभागू लागल्या आणि दहा दिवसांत रांगांचं सगळं जाळं पुन्हा उभं राहिलं. घर रिकामं झालंय हे त्यांना कळलं कसं?

निदान एक रस्ता स्पर्शाचा आहे. मूलपेशीच्या अंगावर नॉच नावाचं प्रथिन असतं. नॉच म्हणजे खाच. हे जनुक बिघडलेल्या फळमाशीच्या पंखाच्या कडेला खाच पडायची, त्यावरून नाव. शेजारणीच्या अंगावरचं डेल्टासारखं प्रथिन त्याला टेकलं, की निरोप आत पोचतो : तू आहेस तशीच राहा. निरोप बंद पडला तर काय होतं, ते क्योटोच्या कागेयामांच्या गटानं २०१० मध्ये दाखवलं. आधी न्यूरॉनचं उदंड पीक आलं, मग मूलपेशीच संपल्या. बियाणंही पेरून टाकल्यासारखं.

पण मला सगळ्यात भावलेला प्रयोग त्याच वर्षीचा, वॉशिंग्टनच्या व्हित्तोरियो गालो यांच्या गटाचा. लेकी वाढतात ईजीएफ या वाढघटकाच्या इशाऱ्यावर. त्यांनी फक्त लेकींमध्ये त्याचा ग्रहणक, म्हणजे तो इशारा टिपणारं प्रथिन, वाढवला, मूलपेशींना हात लावला नाही. लेकी वाढल्या आणि मूलपेशींची संख्या घटली! लेकींमध्ये ईजीएफचा जोर वाढला की नम्ब नावाचं प्रथिन त्यांच्यातला नॉच मोडीत काढतं, आणि पाठोपाठ शेजारच्या मूलपेशींमधला नॉचचा निरोपही मंदावतो. म्हणजे हिशोबाची वही कुणा एकीकडे नाही. दोन पिढ्या एकमेकींना टेकून बसल्यात, त्या टेकण्यातच हिशोब आहे. वाचलं त्या रात्री मी माझे जुने फोटो पुन्हा काढून बसले. इतके दिवस मूलपेशी मोजल्या, पण तिच्या शेजारी कोण बसलंय हे टिपलंच नव्हतं.

"एक राहते, एक जाते" हे वर्गात सांगू नका, सर. २०१८ मध्ये आल्वारेझ-बुइया यांच्याच गटानं (तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत) दाखवलं, की उंदराच्या या भागात साधारण २० टक्के विभाजनांत दोन्ही मूलपेशीच राहतात आणि ८० टक्क्यांत दोन्ही कामाला लागतात. साठा हळूहळू ओसरतोच. आणि ही ठेव बाजूला काढली जाते जन्माआधीच, गर्भाच्या तेराव्या ते पंधराव्या दिवसाच्या सुमारास.

उंबरठा

काचपट्टी ताई, थोडं वेगळं विचारतो. वडिलांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवा हात अजून उचलत नाही. एका दवाखान्यात स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या म्हणतात, "मेंदूत पेशी वाढतील" म्हणून. खर्च काही लाखांत आहे. आईनं गळ्यातलं विकायची तयारी केलीये.

काचपट्टी

दादा, आईंना थांबवा. आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांमधलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यता मिळालेल्या चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. त्यांच्याकडे चाचणीचा सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. शिवाय वर लिहिलं ते बघा : मूलपेशी शेजाराच्या निरोपावर जगते. नुसत्या पेशी सोडल्यानं तो शेजार तयार होत नाही. फिजिओथेरपी मात्र चालू ठेवा. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

फळा_खडू

काचपट्टी मॅडम, मनापासून आभार. आज पोरांना वर्गातच एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभं केलं आणि नॉच समजावला. तास संपल्यावर तीच मुलगी टेबलाशी आली : "सर, म्हातारपणी लेकी कमी होतात, मग तेव्हा मूलपेशी जाग्या का होत नाहीत?"

काचपट्टी

तिला सांगा, हाच प्रश्न हायडलबर्गच्या एका गटानं हाती घेतला होता. २०१९ मध्ये त्यांना दिसलं, की म्हाताऱ्या उंदरात उरलेल्या मूलपेशी अधिक गाढ झोपलेल्या असतात, आणि आजूबाजूच्या दाहाचे निरोप त्यांना झोपवून ठेवतात. पण जागी झालेली म्हातारी पेशी तरुण पेशीसारखंच काम करते. आणि सर, बारावीनंतर तिला या विषयात यायचं असेल, तर मला इथं निरोप पाठवा.